शेलारांच्या घरची परतीची लाईन

चिंतामणी शेलार पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात बावीस वर्षं नोकरीला होते आणि या बावीस वर्षांत त्यांनी एकदाही पाना हातात धरला नव्हता. हे त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच पटत नसे. बदलापूरच्या त्या चार मजली इमारतीत सकाळी नळाला पाणी कमी आलं, की लोक गच्चीवरच्या टाकीकडे बघत नसत. दुसऱ्या मजल्यावरच्या शेलारांच्या दाराकडे बघत. वास्तविक शेलारांचं काम टेबलावरचं. नळजोडणीचे अर्ज तपासायचे, एखादा कागद कमी असला की अर्जदाराला परत पाठवायचं, आणि पाणी बंद राहणार असलं की तशी सूचना तयार करून खाली सही ठोकायची. त्यांच्या सहीनं हजारो घरांत पाणी गेलं असेल. पण स्वतःच्या घरातली गळकी तोटी बदलायला ते मुकाट्यानं धर्मराज प्लंबरला फोन करत.

हे त्यांना आत कुठेतरी लागत होतं. म्हणूनच एका रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, की माशांच्या नव्या टाकीची सगळी पाइपलाईन ते स्वतः करणार आहेत.

त्यांची बायको संजीवनी आमटी वाढत होती. तिचा हात हवेतच थांबला. "सगळी म्हणजे?"

"सगळी. मोटर, पाइप, जोडण्या. बाहेरचा माणूस लागणार नाही."

"मागच्या दिवाळीत तुम्ही भिंतीत खिळा ठोकलात," संजीवनी म्हणाली, "तेव्हा शेजारच्यांचं घड्याळ पडलं होतं." आणि तिनं आमटी वाढली.

टाकीचं तंत्र तसं सोपं होतं. वर काचेची अडीचशे लिटरची टाकी, तिच्यात मासे. खाली स्टँडच्या कपाटात दुसरी लहान टाकी, तिच्यात गाळणीचे स्पंज. वरचं जादा पाणी एका पाइपातून आपोआप खाली उतरणार, गाळून स्वच्छ होणार, आणि खालची मोटर ते दुसऱ्या पाइपानं पुन्हा वर चढवणार. या दुसऱ्या पाइपाला शेलार 'परतीची लाईन' म्हणत. म्हणताना त्यांचा आवाज जरा खात्यातल्या इंजिनिअरसारखा व्हायचा. मासे तीनच होते, पण आणले तेव्हा करंगळीएवढे असलेले ते गोल्डफिश आता चांगले तळहाताएवढे झाले होते. नवी टाकी लागेपर्यंत त्यांचा मुक्काम शेलारांच्या आईच्या, म्हणजे कौसाबाईंच्या निळ्या पिंपात होता. कौसाबाईंची हयात बदलापूर गावात विहिरीवरून हंडे वाहण्यात गेली होती. आपलं एक पिंप माशांनी अडवलंय हे दुःख त्या रोज पाण्याच्या वेळेला नव्यानं भोगत.

"येवढं वाढवलेस," त्या पिंपात डोकावून म्हणायच्या, "आता खायचे कदी?"

शेलारांनी धर्मराजला एकदाच बोलावलं, तेही फक्त सल्ल्यासाठी. धर्मराजनं कागदावरची आकृती सरळ धरून पाहिली, मग उलटी धरून पाहिली.

"साहेब, म्हणजे तेच पाणी खाली सोडायचं आणि तेच परत वर चढवायचं?"

"हो."

"दिवसभर?"

"चोवीस तास."

धर्मराजनं कागद घडी करून परत दिला. "आमच्या गल्लीत दिवसाआड एक तास येतं. हे मासे कुठल्या वॉर्डात येतात?"

शेलारांनी हा प्रश्न कार्यालयीन पद्धतीनं ऐकून घेतला, म्हणजे उत्तर दिलं नाही.

पहिला अडथळा पाइपाचा नव्हता, परवानगीचा होता. शेलारांच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर, सोसायटीचे सेक्रेटरी शंकरराव राहत. ते एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, आणि निवृत्तीच्या पैशातून त्यांनी हॉलला पीओपीचं छत करून घेतलं होतं. पंख्याभोवती कमळ, कमळाभोवती पाकळ्या, पाकळ्यांच्या आत दिवे. हे छत बघायला ते पाहुण्यांना आधी खुर्चीत बसवत आणि मग मान वर करायला सांगत. आपल्या या कमळाच्या डोक्यावर अडीचशे लिटर पाणी येणार, हे कळल्यावर त्यांनी शेलारांकडून रीतसर अर्ज मागवला.

अर्ज दिला तर म्हणाले, दोन प्रती हव्यात. दोन प्रती दिल्या तर म्हणाले, वजनाचा तक्ता कुठाय. तक्ता दिला तर चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं, "मासे किती?"

"तीन."

"आणि पिल्लं झाल्यास?"

शेलार वजनाच्या तक्त्यात पिल्लांसाठी जागा शोधायला लागले.

"शिवाय तारीख नाही अर्जावर. असं करा शेलारसाहेब, कागद पूर्ण करून आणा, मग बघू."

हे वाक्य शेलारांनी बावीस वर्षं रोज लोकांना ऐकवलं होतं. समोरून ऐकायला ते कसं लागतं हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळलं, आणि जिना चढताना त्यांना काही जुने अर्जदार चेहऱ्यानिशी आठवले.

अखेर स्टॅम्प पेपरवर हमीपत्र द्यायचं ठरलं. मजकूर शंकररावांनी स्वतः सांगितला: 'मी केलेल्या जोडणीतून पाण्याचा एक थेंबही खालच्या मजल्यावर गेल्यास मी सदर टाकी चोवीस तासांत काढून टाकीन.' शेलारांनी सही केली. म्हणजे आता नुसती टाकी पणाला लागलेली नव्हती. ज्या माणसाला आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हातानं पाणी खेळवून दाखवायचं होतं, त्याची सगळी अब्रू त्या एका थेंबाला बांधली गेली होती.

सामानासाठी ते स्कूटरवरून उल्हासनगर कॅम्प एकला गेले. मोटरच्या तोंडाचं माप त्यांनी सुतळी गुंडाळून घेतलं होतं आणि सुतळीला गाठ मारली होती. दुकानातल्या सिंधी शेठनं ती सुतळी बोटावर लोंबकळवली.

"साईं, ये क्या है?"

"माप. मोटरच्या तोंडाचं."

"मोटर किधर है?"

"घरी."

"मग घरीच फिट करा ना सुतळी." शेठनं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळवला. दुसऱ्या खेपेला शेलार मोबाइलमध्ये मोटरचे सहा फोटो घेऊन गेले. शेठनं ते आपुलकीनं पाहिले. "फोटो पे तो शादी होती है, फिटिंग नहीं. मोटर आणा." तिसऱ्या खेपेला मोटर आली. शेठनं मागच्या खोक्यात हात घातला, न बघता एक तुकडा काढला, मोटरच्या तोंडाला लावून दोन आटे फिरवले आणि काम झालं. एकूण वेळ अर्धा मिनिट. पाइप मात्र चार फूटच हवा असून दहा फुटांचा घ्यावा लागला, कारण तुकडा तोडून देत नाहीत. तो स्कूटरवर मावेना, म्हणून शेलार स्कूटर तिथेच ठेवून पाइपासह रिक्षानं निघाले. पाइपाचं एक टोक रिक्षावाल्याच्या पायाशी आणि दुसरं मागून बाहेर. अंबरनाथला मागच्या मोटारसायकलवाल्याचं जाकीट त्या बाहेरच्या टोकाला वाळत घातल्यासारखं अडकलं, तेव्हा थोडी बोलाचाली झाली. स्कूटर आणायला दुसऱ्या दिवशी रजा काढावी लागली.

रविवारी जोडणी सुरू झाली. पाइप चिकटवायचं सोल्युशन एकदा लावलं की दहा मोजेपर्यंत दगड होतं, हे डब्यावर लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत आणि बारीक. पहिल्यांदा पाइपाचा बाक भिंतीकडे तोंड करून चिकटला. तो कापला. दुसऱ्यांदा सोफ्याकडे तोंड करून चिकटला. त्यात डावा अंगठाही होता.

"अंगठा कापायचा का?" संजीवनीनं विचारलं.

तिसऱ्या वेळी मात्र सगळं बरोबर बसलं. शेलारांनी प्रत्येक सांध्यावरून कोरडा टिश्यू पेपर फिरवला आणि बटण दाबलं. मोटर घुरघुरली. पाइपातून एक बुडबुडा वर धावला, मागून पाणी आलं आणि टाकीत झुळूझुळू पडायला लागलं. टिश्यू कोरडाच राहिला. शेलारांना इतका आनंद झाला, की त्यांनी तो टिश्यू घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. लग्नाच्या वाढदिवशीसुद्धा ते इतके हसत नसत, असं संजीवनी नंतर म्हणाली.

अडचण एकच झाली, त्या झुळूझुळू आवाजाची. बदलापुरातल्या घरात पाणी पडल्याचा आवाज म्हणजे नळ आला. दुपारी आडव्या झालेल्या कौसाबाई तासाभरात तीन वेळा दचकून उठल्या आणि तिन्ही वेळा हंडा घेऊन मोरीत जाऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी नळाला शिवी दिली. तेव्हा शेलारांनी परतीच्या पाइपाचं तोंड चार बोटं पाण्याखाली बुडवलं. आवाज बंद झाला.

पण त्यामुळे दुसरं एक झालं. मोटर बंद केली, की वरचं पाणी त्याच पाइपानं उलटं खाली यायला लागलं. पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत ते येतच राहायचं. शेलारांनी मोजलं, दोन बादल्या. म्हणजे लाईट गेली तर दोन बादल्या पाणी खाली येणार. ते घाबरले नाहीत. हाच तर इंजिनिअर आणि कारकून यांच्यातला फरक, असं मनाशी म्हणत त्यांनी खालच्या टाकीतलं पाणी कमी केलं, दोन बादल्यांपेक्षा थोडी जास्तच जागा मोकळी ठेवली, आणि काचेवर लाल मार्करनं रेघ मारून लिहिलं: 'यावर पाणी भरू नये.' मग चार वेळा बटण बंद करून पाहिलं. चारही वेळा पाणी आलं, टाकीत मावलं, फरशी कोरडी.

कौसाबाई कपाटात वाकून पाहत होत्या. "ही येवढी जागा मोकली कशाला ठेवलीस रं?"

"लाईट गेली की वरचं पाणी येतं, आई. त्यासाठी."

"ते येल तवा येल. तवर मोकलीच?"

"मोकळीच."

कौसाबाईंनी त्या रिकाम्या जागेकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिचा अर्थ शेलारांनी तेव्हाच लावायला हवा होता. पण त्या आठवड्यात ते जरा हवेत होते. बिल्डिंगमधले लोक येऊन टाकी बघून जात. शंकरराव स्वतः दोनदा आले, सांध्यांवरून बोट फिरवून गेले, आणि बोट कोरडं निघाल्यानं जरा हिरमुसले. बदलापुरात एक तरी जागा अशी होती, जिथे चिंतामणी शेलारांच्या अखत्यारीत चोवीस तास पाणी खेळत होतं.

गुरुवारी शेलारांच्या टेबलावर नेहमीचं काम आलं. शुक्रवारी वीजवाहिनीच्या दुरुस्तीमुळे दिवसभर लाईट नाही, त्यामुळे पंप बंद, त्यामुळे पाणी बंद. शेलारांनी जुनी सूचना काढली, तारीख बदलली. 'तरी नागरिकांनी पाण्याचा पुरेसा साठा करून ठेवावा व सहकार्य करावे.' खाली सही. सूचना मोबाइलवरून गावभर फिरली आणि फिरत फिरत शेजारच्या बाईंनी ती कौसाबाईंना वाचून दाखवली. सही शेवटी असते, तिथपर्यंत कुणी वाचत नाही.

शुक्रवारी पहाटे, लाईट जायच्या आधी, पाणी आलं. शेलार आणि संजीवनी डबे भरून कामावर गेले. लाईट दहा वाजता गेली. कौसाबाई तेव्हा चौथ्या मजल्यावर भजनाला गेल्या होत्या. दुपारी शंकरराव उकाड्यानं हैराण होऊन हॉलमध्ये आडवे पडले आणि बंद पंख्याकडे बघत राहिले. पंखा फिरत असता तर त्यांना दिसलं नसतं. कमळाच्या मधोमध एक थेंब लोंबकळत होता.

शेलार घरी पोचले तेव्हा कौसाबाई साडी खोचून फरशीवरचं पाणी टिपत होत्या आणि फडकं बादलीत पिळत होत्या. एवढं पाणी वाया घालवणं त्यांना शक्यच नव्हतं. "तुजी मोटर फुटली वाटतं," त्या म्हणाल्या. "आनि आजच्याच दिवशी. बरं झालं म्या सगलं भरून ठेवलं व्हतं. तुज्या हापिसाचा कागद आल्ता ना, साठा करा म्हनून. हंडे, पातेली, थर्मास. ती कपाटातली टाकीबी गच्च भरली, मोकलीच व्हती."

शेलारांनी कपाटात वाकून पाहिलं. पाणी काठाला टेकलेलं होतं. लाल रेघ खाली खोल पाण्यात दिसत होती. शेजारी आईची कळशी ठेवलेली. त्यांच्या सगळं ध्यानात आलं, आणि त्याच क्षणी हेही ध्यानात आलं, की आईला यातलं काही कळलेलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई गुडघ्यावर बसून मुलाचं नुकसान फडक्यानं आवरत होती.

दारात शंकरराव उभे होते. हातात हमीपत्र. "शेलारसाहेब, कारण?"

शेलारांनी आईकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हातानं एक काम केलं होतं आणि त्यात काडीची चूक नव्हती. ते सांगायला त्यांची जीभ वळवळत होती. पण ते म्हणाले, "जोडणी. माझीच. सांधा नीट बसला नाही."

"लेखी द्या."

त्यांनी लेखी दिलं. 'सदर गळती निम्नस्वाक्षरीकाराने केलेल्या सदोष जोडणीमुळे झाली आहे.' खाली नेहमीची सही केली. तो टिश्यू अजून खिशात होता.

"मी म्हटलं होतं ना," संजीवनी म्हणाली. तिनं एवढंच म्हटलं, आणि तेही हळू, कारण नवऱ्याचा चेहरा तिला पाहवेना.

शनिवारी संध्याकाळी टाकी उतरवायला धर्मराज आला. शंकरराव देखरेखीला हजर होते. मासे पुन्हा पिंपात गेले होते, आणि कौसाबाई त्या पिंपाशेजारी स्टूल टाकून बसल्या होत्या. धर्मराजनं करवत काढली, पाइपावर ठेवली, मग थांबून सांध्यांवरून अंगठा फिरवत मोटरपासून वरपर्यंत गेला.

"हे कुणी केलं?"

"मी," शेलार म्हणाले.

"एक नंबर काम आहे साहेब. माझी पोरंसुद्धा असं करत नाहीत. कुठला सांधा गळला म्हणता?"

शेलारांनी हवेत कुठेतरी बोट दाखवलं. धर्मराजनं तिथं पाहिलं, मग कपाटात वाकला, लाल रेघ पाहिली, वरच्या पाइपाचं पाण्याला टेकलेलं तोंड पाहिलं.

"सांधा नाही गळला. लाईट गेल्यावर वरचं पाणी उलटं आलं. त्याला खाली जागाच नव्हती. कुणीतरी रेघेच्या वर काठापर्यंत भरलंय."

शंकरराव खिशातून खुलाशाचा कागद काढून पुन्हा वाचायला लागले. तेवढ्यात स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

"म्या भरलं," कौसाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "चिंतू, म्हंजे तुजं काय चुकलं नवतं? मंग खोटं कशाला लिवलंस रं?"

शेलार फडकं उचलून कोरडीच फरशी पुसायला लागले.

"लिवायचं तं माजं नाव लिव." त्या शंकररावांकडे वळल्या. "कागद आल्ता भाऊ, साठा करा म्हनून. सरकारचा कागद. म्या केला."

शंकररावांनी मोबाइल काढला, सूचना शोधली, आणि सवयीनं शेवटपर्यंत वाचली. मग चष्म्यावरून शेलारांकडे पाहिलं. "सही तुमची आहे."

"हो."

"म्हणजे सूचना तुमची, पालन मातोश्रींचं आणि पाणी आमच्या कमळाला." हेडक्लार्कच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगता येत नाही, पण चेहरा सैल झाला. "आमच्याकडे त्या दिवशी आइस्क्रीमचे डबेसुद्धा भरले होते. आमच्या हिनं माझी शेव्हिंगची वाटी भरली. हमीपत्रात 'जोडणीतून' असं आहे. जोडणी गळलेली नाही. टाकी राहू द्या."

"तुमचं छत मी स्वतः रंगवून देतो," शेलार गहिवरून म्हणाले.

शंकररावांनी हात जोडले. "नको. पेंटर पाठवा."

कागद मात्र त्यांनी एकही फाडला नाही. उलट एक वाढवला: रेघेच्या वर पाणी भरणार नाही, असं कौसाबाईंचं हमीपत्र. कौसाबाईंनी त्यावर सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. धर्मराजनं परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीखाली बोटभर अंतरावर एक बारीक भोक पाडलं. आता लाईट गेली, की पाणी भोकापर्यंत उतरणार, भोकातून हवा शिरणार आणि उलटं येणं तिथंच थांबणार. जोडणी शिकायला शेलारांनी मोबाइलवर अकरा व्हिडिओ पाहिले होते, पण त्यांत हे कुणी सांगितलं नव्हतं. निदान शेलारांना समजेल अशा भाषेत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा दुरुस्ती निघाली. या वेळी सूचनेवर सही करायच्या आधी शेलारांनी ती तीनदा वाचली, आणि त्या दिवशी रजा काढून ते टाकीसमोर खुर्ची टाकून बसले. पावणेदहाला त्यांनी सहज कपाट उघडलं. पाणी बरोबर लाल रेघेवर होतं. आणि त्या पाण्यात, वरच्या मोकळ्या जागेत, झाकण घातलेलं भलंमोठं पातेलं उभं होतं, काठोकाठ भरलेलं.

"आई, हे काय?"

"रेघेच्या वर पानी नाय भरलं," कौसाबाई म्हणाल्या. "सही केलीय म्या. टाकीतलं दोन तांबे काढलं, रेघ जमवली, आनि पातेलं ठेवलं. पातेल्यातलं पानी पातेल्यात हाय."

शेलार पातेल्याला हात घालणार, तोच पंखा मंदावला. मोटरची घुरघुर थांबली. खालच्या मजल्यावर शंकरराव कमळाखाली बादल्या सरकवत असल्याचा आवाज आला. परतीच्या पाइपातून पाणी उलटं यायला लागलं, पातेल्याभोवती चढायला लागलं, रेघ बुडाली, आणि शेलारांनी डोळे मिटले. मग वरच्या टाकीत भोकातून हवा ओढल्याचा एक बारीक सुर्र आवाज झाला आणि सगळं शांत झालं. त्यांनी एक डोळा उघडला. फरशी कोरडी होती. पाणी काठाच्या बरंच खाली थांबलं होतं.

कौसाबाई त्यांच्या खांद्यावरून वाकून, मान तिरपी करून बघत होत्या. "बघ," त्या हळहळत म्हणाल्या, "अजून एक कलशी आरामात बसली असती."